अकरा महिन्यांची उसनी बाई

कंपनीने मला उसनं दिलं, ही बातमी आईला फोनवर सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मंग परत घेतीन नं तुले?" बाभुळगावात आमच्या घरून आजवर पुष्कळ गोष्टी उसन्या गेल्या आहेत. विरजण, लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी गंजं, एकदा तर शिलाई मशीन आणि एकदा शिडी. शिडी अजून आलेली नाही. त्यामुळे आईची काळजी अगदीच अनाठायी होती असं म्हणवत नाही. मी तिला समजावलं की हे तसं नसतं, करार असतो, सह्या असतात, अकरा महिन्यांनी मी आपोआप परत. 'आपोआप' या शब्दावर तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने शेजारी सांगितलं की पोरीची बदली झाली आहे. उसनं दिल्याचं तिला बरं वाटलं नसावं.

मी नागपूरला बिस्किटांच्या कंपनीत आहे. बिस्किटं बनवत नाही, विकतही नाही. कोणती गाडी कोणत्या दिवशी कोणत्या गावाला जाईल, ते ठरवते. सतरा वर्षं हेच करते आहे. सांगायला काही फार मोठं काम नाही, आणि लग्नसमारंभात कोणी विचारलं तर मी "वितरण व्यवस्थापन" म्हणून विषय बदलते. पण झरी जामणीच्या जंगलात जिथे एसटी पोचत नाही, तिथल्या शेवटच्या पोडावरसुद्धा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कुडाच्या दुकानात आमचा छोटा पुडा मिळतो आणि तो मऊ पडलेला नसतो. हे माझ्यामुळे होतं, असं मी मनातल्या मनात मानते.

हीच गोष्ट एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेतल्या कोणाच्या तरी लक्षात आली. या संस्थेचं यवतमाळला भाड्याच्या बंगल्यात ऑफिस होतं आणि झरी जामणीत त्यांची दवाखान्याची एक गाडी फिरायची. गाडीत एक सिस्टर, रक्त तपासायचं सामान आणि गोळ्यांची पेटी. गाडी चांगली होती, सिस्टर त्याहून चांगली होती, पण गाडी पोचायची तेव्हा माणसं नसायची आणि माणसं वाट पाहायची तेव्हा गाडी भलतीकडेच असायची. बिस्किट पोचतं तर गोळी का पोचत नाही, असं कोणीतरी कुठल्यातरी बैठकीत विचारलं आणि आमच्या कंपनीकडे माणूस मागितला. कंपनीने मला दिलं. चांगलं माणूस कोण उसनं देतो, अशी एक शंका माझ्या मनात येऊन गेली. ती मी तिथेच दाबली.

खरं तर सगळं सरळ होतं. त्यांना बिस्किटवाली हवी होती आणि मी बिस्किटवाली होते. जाऊन बिस्किटाचं सांगायचं आणि अकरा महिन्यांनी घरी यायचं. पण मला नेमकी बिस्किटाची लाज वाटली. एवढी मोठी संस्था, जगभर काम, आणि मी तिथे जाऊन काय सांगू, की पुडे कोणत्या वारी पाठवतात? जायच्या आधी मी सीताबर्डीवरून हातमागाचे चार कुडते आणि खांद्याला लटकवायची कापडी पिशवी घेतली. कंपनीच्या लोगोची डायरी घरी ठेवली. इंटरनेटवरून शब्द गोळा केले. लाभार्थी, सहभाग, सक्षमीकरण, समन्याय. पंधरा दिवसांत मी असं बोलायला लागले की माझं मलाच कळेना.

ऑफिसचे प्रमुख केरळचे होते. दहा वर्षं यवतमाळात काढल्यामुळे ते अस्सल वऱ्हाडी बोलायचे, फक्त हेल दक्षिणेचा. आणि मी, जन्म बाभुळगावचा, शाळा बाभुळगावची, त्यांच्यासमोर बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी शुद्ध बोलायचे. पहिल्याच बैठकीत त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "मॅडम, एक सांगा. बिस्किटाची गाडी कोन्त्या दिवशी कोन्त्या गावाले जाते, हे तुमी कसं ठरवता?"

मी म्हणाले की तो नफ्याचा विचार झाला, इथे आपल्याला गरजेच्या निकषावर आणि लोकांच्या सहभागातून नियोजन करावं लागेल. त्यांनी लिहायला उघडलेल्या पेनाचं टोपण परत लावलं. मला वाटलं, माझ्या उत्तराने ते प्रभावित झाले.

मग मी सर्वेक्षणाला निघाले. सोबत सिस्टर होती. ती घाटंजीची, माझ्याच वयाची, पर्सला निळं अशोकचक्र लटकवलेलं, आणि बोलणं मोजकं. ती गाडीच्या मागच्या भागात गोळ्यांच्या पेट्या वाराप्रमाणे लावायची आणि मी पुढे बसून प्रश्नावली सुधारत राहायचे. एका पोडावर आम्ही पोचलो तेव्हा एक बाई अंगणात बांबूच्या कांब्या सोलत होती. टोपल्या आणि सुपं विणायचं काम. शेजारी तिची सोळा-सतरा वर्षांची मुलगी. मुलीला सिकलसेल होता. जन्मापासून रक्तातला आजार. रोजची गोळी चालू ठेवली तर बरं असतं, खंड पडला की हातापायांत असं दुखणं उठायची भीती, की माणूस जमिनीवर पडून राहतं. गाडीतून तिला महिन्याच्या गोळ्या मिळायच्या, गाडी आली तर.

मी त्या बाईला माझे सगळे प्रश्न विचारले. घरात निर्णय कोण घेतं, सेवांविषयी समाधान एक ते पाचमध्ये किती, अशा धर्तीचे. तिने शांतपणे सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी एकच मागणी केली. "तुमी कवाबी या, पन दिवस सांगून या. आनि आमाले जमन असा दिवस सांगा."

मी ते लिहून घेतलं. मग तिने मला विचारलं की मी सरकारी आहे का. मी म्हटलं नाही. मग संस्थेची? मी म्हटलं तीही नाही, कंपनीची आहे, कंपनीने संस्थेला कामापुरती दिली आहे. ती हसली. म्हणजे सावडच की, म्हणाली. निंदणाला आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. तिने कांबी खाली ठेवून संस्थेच्या गाडीकडे बोट दाखवलं. "मंग यायच्याकडलं कोन गेलं तुमच्या कंपनीत?"

कोणीच गेलं नव्हतं. मी ज्ञानाच्या देवाणघेवाणीबद्दल काहीतरी म्हणाले. सिस्टर गाडीच्या दारापाशी उभी राहून दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

परत येऊन मी योजना आखली. कसली योजना होती ती, आजही आठवली की कान गरम होतात. प्रत्येक पोडाला गरजेचे गुण, अंतराचे गुण, पावसाळ्यात रस्ता तुटण्याचे गुण. त्यावरून रंग, रंगावरून वार. कुठल्याही गावावर अन्याय नाही. त्या बाईच्या पोडाला महिन्यातला दुसरा शुक्रवार आला. मी तिला दिवस दिला होता, लेखी दिला होता, दुकानाच्या कुडावर चिकटवला होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सिस्टरने वेळापत्रक पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी बाजार राहते तिकडं."

आता हे वाक्य कानावर पडताच कोणताही बिस्किटवाला जागचा उठला असता. आमच्या कंपनीत नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी दुकान भर. बाजाराच्या दिवशी गावात जाऊ नकोस, गाव गावात नसतं. मी स्वतः हे शंभर पोरांना शिकवलं असेल. पण मी त्या वेळी बिस्किटवाली नव्हते ना, मी विकासवाली होते. मी सिस्टरचं म्हणणं 'स्थानिक सूचना' या शीर्षकाखाली नोंदवलं, त्याला क्रमांक दिला, तिला धन्यवाद म्हटलं. क्रमांक दिल्यावर मला वाटलं की ते काम झालं.

पहिल्या महिन्याच्या त्या शुक्रवारी गाडी गेली तेव्हा पोडावर एक म्हातारे आजोबा आणि बकऱ्या होत्या. सिस्टरने त्या मुलीच्या गोळ्यांचं पाकीट आजोबांच्या हाती देऊन ठेवलं. मला रजिस्टरमध्ये हे दिसलं आणि मी हरकत घेतली. गोळ्या दुसऱ्याच्या हाती? जबाबदार कोण? माझ्या फॉर्ममध्ये 'प्रत्यक्ष उपस्थिती' असा रकाना होता, आणि तो मी फार विचार करून घातला होता. यापुढे रुग्ण किंवा आई समोर असल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत, असं मी लेखी कळवलं. सिस्टरने वाचलं, सही केली, काही बोलली नाही. ती गप्प बसली की माझी चूक असते, हे मला अजून समजलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या शुक्रवारीही तेच. आजोबा, बकऱ्या. या वेळी पाकीट परत आलं. एवढ्यात तिमाही संपली आणि मला अहवाल पाठवायचा होता. जे रुग्ण आले नाहीत त्यांच्या नावापुढे कारण लिहायचं होतं. कारणांची यादी मीच बनवलेली. स्थलांतर, आजारपण, जागृतीचा अभाव, इतर. 'इतर' निवडलं तर एक ओळ स्पष्टीकरण लिहावं लागत होतं. दुपार झाली होती, पोट भरलेलं होतं, एक ओळ लिहायचा मला कंटाळा आला. त्या बाईच्या आणि मुलीच्या नावापुढे मी 'जागृतीचा अभाव' लिहिलं. पोडाचे गुण घसरले आणि त्याचा रंग लाल झाला. लाल रंगाच्या थांब्याचं काय करायचं, तेही माझ्याच योजनेत ठरलेलं होतं. थांबा रद्द करावा, गाडी जास्त गर्दीच्या गावांना द्यावी. निर्णय पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारच्या बैठकीत होणार होता.

थांबा गेला असता तर त्या बाईला मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठावं लागलं असतं. जंगलातून डांबरी रस्त्यापर्यंत पायी, मग मिळेल त्या जीपमध्ये उभं राहून, पूर्ण दिवस. ज्या मुलीचे पाय दुखतात तिला घेऊन. हे मला माहीत होतं. माझ्याच सर्वेक्षणात ते होतं, त्याचेही गुण होते.

बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी मी स्वतः गाडीबरोबर गेले. अंतिम खातरजमा, असं त्याला नाव दिलं होतं. पोडावर आजोबा होते. बकऱ्याही होत्या. मी आजोबांजवळ बसून नियमित औषधोपचाराचं महत्त्व पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग त्यांनी सिस्टरला कोलामीत काहीतरी विचारलं आणि सिस्टरला येत होती तेवढ्या कोलामीत तिने उत्तर दिलं. मी विचारलं, काय म्हणाले? ते विचारत होते, या बाईंना बाजारात जायचं नाही का.

परत येताना गाडी मोठ्या गावातून निघाली आणि बाजारात अडकली. रस्ताभर माणसं. मी खिडकीतून पाहत होते आणि एकेक चेहरा ओळखीचा निघू लागला. लाल रंगाचं पोड, केशरी रंगाचं पोड, सगळी माणसं तिथे होती. माझं सबंध सर्वेक्षण मिरच्या घेत होतं. मी पाणी घ्यायला एका किराणा दुकानात उतरले. समोरच्या फळीवर आमची बिस्किटं छतापर्यंत. सतरा वर्षांच्या सवयीने मी एक पुडा उलटून तारीख पाहिली. दुकानदाराने विचारलं, कंपनीच्या का तुम्ही? मी हो म्हटल्यावर खुश झाला. तुमची गाडी काल येऊन गेली, म्हणाला, दर गुरुवारी येते, बाजाराच्या आदल्या दिवशी, पाऊस असो काही असो.

त्या गाडीचा गुरुवार मी ठरवलेला होता. सहा वर्षांपूर्वी, नागपुरात बसून, दहा मिनिटांत.

मला तिथे दुकानात उभं राहून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात सिस्टरने बाहेरून हाक मारली. टोपल्यांच्या ओळीत ती बाई बसली होती आणि तिच्या मागे, चिंचेच्या सावलीत, रिकाम्या पोत्यांवर तिची मुलगी आडवी पडली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. डोळे मिटलेले. सिस्टर तिच्याजवळ बसून नाडी पाहत होती.

बाई म्हणाली की सकाळपासून दुखणं उठलं आहे. घरी एकटी सोडवेना म्हणून सोबत आणली. गोळ्या संपून महिना झाला. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आज तुमचा दिवस होता, मले मालूम होतं. पन टोपल्या आज नाही इकल्या तं मंग कवा इकू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला हिशेब समजावून सांगत होती, मुलांना सांगतात तसा. आणि तिने मला पहिल्याच भेटीत हेच सांगितलं होतं, आम्हाला जमेल असा दिवस सांगा, आणि मी ते लिहून घेतलं होतं.

आम्ही मुलीला गाडीत घेतलं. तिची आई न विकलेल्या टोपल्या शेजारणीकडे ठेवून आली. सगळा रस्ता ती मुलगी सीटची दांडी धरून बसली होती. रडली नाही, फक्त खड्डा आला की दांडीवरची बोटं पांढरी व्हायची. मला रडू येत होतं, पण त्या गाडीत रडायचा हक्क असलेली माणसं वेगळी होती, म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले. ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागलं, दुखणं उतरायला दोन दिवस गेले. सिस्टर दोन्ही दिवस जाऊन आली. मी एक दिवस गेले आणि केळी ठेवून आले.

शनिवारी सकाळी मी प्रमुखांच्या खोलीत गेले. कुडता हातमागाचाच होता, पण बोलणं सुटलं ते बाभुळगावचं. म्हटलं, सर, माझी योजना पूर्ण चुकली आहे. पहिल्या बैठकीत तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आज देते. मग मी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि कंपनीत काढते तसा तक्ता काढला. आधी बाजार, मग गावं. ज्या दिवशी ज्या भागाचा बाजार, त्या दिवशी गाडी बाजारातच उभी, टोपल्यांच्या आणि भाजीच्या ओळीजवळ. पोडावर फक्त अशा दिवशी जायचं, जेव्हा बाजार नाही, म्हणजे म्हातारी माणसं आणि बाळंतिणी भेटतील. बिस्किटवाले सहसा अंतर बघत नाहीत, बाजार बघतात. दुकानाची फळी कधी रिकामी होते आणि कधी भरते, त्यावर सगळं चालतं. मी सांगत गेले, ते पेनाचं टोपण काढून लिहीत गेले. मी थांबले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, हेच आयकाले तं तुमाले मागवलं होतं," ते म्हणाले. "मी समजलो, तुमाले बिस्किटाचं काही येतच नाही. कंपनीनं चुकीचं मानूस पाठवलं."

पाच महिने हा माणूस असं समजत होता आणि सभ्यपणामुळे बोलला नव्हता. मी पाच महिने समजत होते की त्यांना माझ्यातल्या विकासतज्ज्ञाचं कौतुक आहे. दोघांनीही चहा मागवला.

सोमवारी थांबा रद्द झाला नाही, हलला. महिन्यातल्या त्याच शुक्रवारी गाडी बाजारात चिंचेखाली उभी राहू लागली. पहिल्याच वेळी सिस्टरला दुपारपर्यंत मान वर करता आली नाही. बायका मिरच्यांची पिशवी एका हातात धरून दुसरा हात रक्त तपासायला पुढे करायच्या. 'प्रत्यक्ष उपस्थिती' हा रकाना मी काढून टाकला. सिस्टरने तेव्हाही सहीच केली, पण या वेळी एक वाक्य बोलली, की आता फॉर्म वाचायला चांगला वाटतो. तिच्याकडून मिळालेली तेवढीच शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

ती मुलगी दर महिन्याला यायला लागली. एकदाही खंड नाही. दिवाळीनंतर तर ती आईच्या शेजारी बसून स्वतः सुपं विणताना दिसायची.

माझे अकरा महिने संपत आले. शेवटच्या शुक्रवारी मी बाजारात गेले आणि टोपल्यांच्या ओळीत त्या बाईजवळ जाऊन बसले. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. खरं सांगायचं तर मला माफी हवी होती, आणि तीही करार संपायच्या आत. मी म्हटलं, तुम्ही गाडीपाशी आल्या नव्हत्या तेव्हा मी तुमच्याबद्दल कागदावर चुकीचं लिहिलं होतं.

तिने विचारलं, काय लिहिलं होतं. मी सांगितलं, जागृतीचा अभाव. तिला शब्द कळले नाहीत. मी आजूबाजूला पाहिलं, सिस्टर लांब होती. मग मला ते साध्या भाषेत सांगावं लागलं, आणि साध्या भाषेत ते फार वाईट ऐकू आलं. "मी लिहलं, का तुमाले समजत नाही, म्हनून तुमी आल्या नाही."

तिने सुपात पुढची कांबी ओवली. "पन मले तं दिवस मालूम होता," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"मंग ते कोनाले पाठवलं?"

आधी दिल्लीला, मी म्हटलं, आणि तिथून पुढे बाहेरच्या देशात, संस्थेचं मोठं ऑफिस आहे तिथे.

तिने सुपाची कड दातांनी ओढून घट्ट केली. "म्हंजे तिकडं मी तशीच हावो," ती म्हणाली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन सुपाचा भाव विचारू लागलं आणि ती त्याच्याशी बोलायला लागली. मुलगी गाडीकडून गोळ्यांचं पाकीट घेऊन आली, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली आणि आईच्या पिशवीत तळाशी पाकीट ठेवून दिलं.

मी यवतमाळला येऊन त्याच संध्याकाळी दिल्लीला लिहिलं. सविस्तर लिहिलं, चूक माझी आहे, दुरुस्ती करा. उत्तर लगेच आलं आणि फार सौजन्याचं होतं. त्या तिमाहीचा अहवाल स्वीकारून बंद झाला आहे, त्यात आता बदल होत नाही, मात्र आपला अनुभव अंतिम अहवालात 'शिकवण' या भागात जरूर घालावा. मी घातला. तिथे बाजाराचं आहे, बिस्किटाचं आहे, माझ्या चुकीचं आहे. त्या बाईचं नाव नाही, कारण त्या भागात नावं घालायची नसतात.

ठरल्या दिवशी मी नागपूरला परत आले. शुक्रवारी मुलीला गोळ्या मिळतात, सिस्टर फोनवर सांगते. आणि तिकडे, जिथे तिची आई कधी जाणार नाही आणि मीही नाही, तिथल्या कुठल्याशा कपाटात त्या आईच्या पूर्ण नावापुढे अजून मीच लिहिलेलं आहे की तिला कळत नाही.